मकेच्या बांधावरची ठकूबाई

ऐका. शेकोटीला जरा जवळ सरा, आणि ती बॅटरी विझवा आधी. गोष्ट ऐकताना तोंडावर उजेड नको. हां, असं.

तर हिंदुराव शेलार अंधार पडल्यावर घरातनं निघाला. गावात लाइट गेलेली. कुठं दिवा नाही, काही नाही. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्यावर घोंगडं, हातात बॅटरी. दारात त्याची बायको, मालन.

"अवं, कवा काढून टाकणार हायसा ती तार? माणसं फिरत्यात रानानं."

"माणसांनी दिवसा फिरावं," हिंदुराव म्हणाला. "लाइट गेलीय तवर आकडा टाकून येतो. तू भाकरी झाक नि नीज."

आणि गेला. खालच्या पाणंदीनं.

आता कसली तार, कसला आकडा, ते ऐका. ओढ्याकाठी हिंदुरावाची मका. मका कशी, तर आत माणूस शिरला तर टोपी दिसायची नाही! वर डोंगर. डोंगरात रानडुकरं. एका रात्रीत येतात नि अख्खं वावर लोळवून जातात. बाकीची माणसं काय करायची? माळ्यावर बसायची, डबे बडवायची, रात्रभर हाळ्या घालायची. हिंदुराव म्हणायचा, "मी काय येडा हाय, रात्रभर वरडत बसायला?" त्यानं मकेच्या चारी बाजूंनी खुंट्या मारल्या नि तार ओढली. उघडी तार! गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली. दिवस मावळला की वरच्या लाइनीवर आकडा टाकायचा. झालं, तारेत लाइट उतरली. पहाटे बांबूनं आकडा काढायचा. कुणाला पत्ता नाही.

लाइटीचं एक ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला फेरी पुरी करायची असते. जिथनं निघाली तिथं माघारी जायचं असतं तिला. खांबावरच्या डीपीतनं निघाली, तारेतनं आली, मोटारीतनं फिरली, दुसऱ्या तारेनं माघारी गेली. फेरी पुरी झाली तर मोटार चालते, बल्ब लागतो. मध्ये कुठं तुटलं, की सगळं बंद. पण हिंदुरावाच्या तारेला माघारीची वाटच नव्हती. एकच तार, टोक मोकळं. मग लाइट तिथंच उभी. वाट बघत! कारण तिला मातीतनंही माघारी जाता येतं. ओल्या मातीतनं तर पळत जाते. तारेतनं मातीत उतरायला फक्त मध्ये कुणीतरी पाहिजे. तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही. का? त्याचा पाय जमिनीला कुठं लागतो! आपला लागतो. डुकराचा लागतो.

ठकूबाईचा लागला.

ठकूबाई म्हणजे रांडावलेली बाई. एक म्हैस, एक लेक कमळा. लेक डोंगरापलीकडं दिलेली. ठकूबाई पहाटे उठायची नि लोकांच्या बांधाचं गवत कापायची. आता बघा तुम्हीच. दहिवरानं ओलं गवत. अनवाणी पाय. हातात लोखंडाचा विळा. आणि त्या दिवशी हिंदुरावानं आकडा काढायला उशीर केलेला.

गावाला त्यानं काय सांगितलं माहितीय? "ओढ्याकाठी ठकूबाई पडलीय. पान लागलंय." पान लागलं म्हणजे साप चावला. लोकांनी उचललं, आणलं, तिरडी बांधली. कमळा आली तेव्हा खांदेकरी उभे. तिनं आईची उजवी मूठ उघडायला बघितली. उघडेना. जोर लावला तेव्हा बोटं जराशी हलली, नि आत काळंकुट्ट, भाजलेलं.

कमळा म्हणाली, "सापानं मूठ जळती व्हय वो?"

अख्खा गाव माना खाली घालून उभा. हिंदुरावच म्हणाला, "पोरी, इषानं काळं पडतं. चल, उशीर नको."

आणि जाळली बाईला.

बरं, माणूस इथं तरी थांबेल की नाही? पुढच्या साली पुन्हा मका. पुन्हा खुंट्या. पुन्हा तीच तार!

तर त्या रात्री तो रानात पोचला. पाण्याच्या मोटारीच्या खोपीत वर आढ्याला बांबू ठेवलेला असायचा, कोरडा ठणठणीत. तो काढला, लाइनीवर आकडा टाकला, बांबू पुन्हा जागेवर ठेवला. लाइट नव्हतीच, त्यामुळं ठिणगी नाही, आवाज नाही. आली की आपोआप तारेत उतरेल. गडी खूश. पाणंदीला लागला.

थोडं पुढं आला, तर वाटेत बाई. पायाशी गवताचा भारा. डोक्यावरनं पदर घेतलेला.

"दादा, वाईच भारा उचलू लागा की."

आता रानात बाई-माणसाला भारा उचलू लागायला कोण नाही म्हणतं? याच्या मनात आलं, एवढ्या अंधारात गवत कुणी कापलं? पण वाकला. दोन्ही हात घातले. भारा ओलागच्च! नि हातांना मुंग्या. बारीक, बारीक, मग कोपरापर्यंत. त्यानं बॅटरी मारली. भारा दोरीनं बांधलेला नव्हता. तारेनं बांधलेला. उघड्या तारेनं!

तरी उचलला, बरं का. तिच्या डोक्यावर ठेवायला गेला. बाईनं उजवा हात वर केला. मूठ मिटलेली.

हिंदुराव म्हणाला, "हात उघड की बाई, भारा धरायची कशी?"

"उघडत न्हाई दादा. गेल्या सालापासनं उघडत न्हाई."

अगागागा! भारा तिथंच टाकला आणि सुटला पळत. पळता पळता बॅटरी विझली. हलवली, आपटली, नाही. मागं कुणी येत नव्हतं. पण आवाज येत होता. डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो बघा, तसा. हूंऽऽऽ. एकसारखा. हूंऽऽऽ. आणि लाइट तर गेलेली!

पुढं पाटाचं पाणी फुटून वाटेत रबरबाट झालेला. त्यात उजवा पाय गेला नि रुतला. ओढतोय, ओढतोय, निघेना. खालनं कुणीतरी बूट धरलाय असं वाटायला लागलं त्याला. जीव खाऊन हिसका दिला, तर पाय निघाला, बूट आतच राहिला. अनवाणी पाय चिखलात टेकला मात्र! खालनं सणक आली. अशी सणक की दात वाजले. पुढचं पाऊल टाकलं, आणखी मोठी सणक. लांब ढांग टाकली तर गडी आडवाच व्हायचा राहिला.

जमिनीत लाइट उतरलेली असली ना, तर लांब पाऊल टाकायचं नसतं. एक पाय इथं, एक पाय तिथं, तर ती या पायातनं शिरते नि त्या पायातनं निघते. आपणच तिची वाट होतो. पाय जोडायचे. चिकटवून ठेवायचे, नि तसंच बारीक बारीक सरकत लांब जायचं. कुठं तार तुटून पडलेली दिसली तर हे ध्यानात ठेवा, हसू नका. हिंदुरावाला हे ठाऊक होतं. त्याला सगळं ठाऊक होतं हो! ठाऊक असून केलेलं होतं त्यानं. पाय जोडले, नि गोगलगाईसारखा सरकत सरकत सुक्याला आला.

सुक्याला टेकतोय, तोवर ओढ्याकडनं हाक.

"अवं! मला धरा! मी आडकलीया!"

मालनचा आवाज! पळाला. काटे, दगड काही बघितलं नाही. जाऊन बघतो तर घाणेरीचं झुडूप. कुणी नाही.

"अवं, हिकडं! आंब्याखाली! लवकर या!"

पुन्हा पळाला. आंब्याखाली पाचोळा. कुणी नाही.

"अवं, जीव चाललाय माझा! हात द्या!"

हात पुढं करून धावला, नि पायाखालचा दगड सुटून खाली गेला. बऱ्याच वेळानं आवाज आला, डुबुक. विहीर होती! काठ नसलेली जुनी विहीर. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर संपलंच होतं.

मग मात्र तो मटकन खाली बसला. डोकं चालायला लागलं त्याचं. म्हणाला, "वळखलं तुला. मालन घरी निजलीय. आता कुठनं बी हाक मार. मी हलायचा न्हाई."

कानाशी कुणीतरी बोललं. अगदी कानाशी. थंड वारा लागला.

"हां. आसाच ऱ्हा. हलू नगंस."

आणि लाइट आली.

गावात दिवे लागले. लांब देवळावरचा दिवा, पारावरचा दिवा. त्याच्या खोपीवरचा बल्बही लागला, नि मकेचा बांध पिवळा पिवळा दिसायला लागला. हिंदुरावाला वाटलं, सुटलो! उजेडात भूत टिकत नाही. उठला, निघाला बांधाच्या कडेनं.

तर बांधावर मालन.

हिरवं लुगडं. वाकलेली. एक हात तारेवर. डोकं मागं गेलेलं, नि सगळं अंग बारीक बारीक थरथरतंय.

हिंदुराव थांबला. आणि हसला, बरं का! म्हणाला, "पुन्यांदा न्हाई फसायचा मी. लई नाटकं झाली तुझी."

आणि उभा राहिला बघत.

उभा राहिला.

मालन हाक मारत नव्हती. "अवं" म्हणत नव्हती. दातखीळ बसलेली. घशातनं नुसता आवाज, हूंऽऽऽ. मघाशी मागनं येत होता तसलाच. नि हळूहळू वास यायला लागला. भाजल्याचा.

मग तो दोन पावलं पुढं सरला.

ऐका, नीट ऐका आता. ओढ्याकडची हाक बोलत होती. आंब्याखालची बोलत होती. विहिरीतली बोलत होती. लाइटनं धरलेला माणूस बोलत नाही! त्याची जीभ अडकते, दात बसतात, मूठ आवळते, ती त्याला सोडता येत नाही. नुसता हुंकार येतो. हे हिंदुरावाला कुठनं माहीत?

त्यानं बघितलं होतं.

ठकूबाई मेलेली सापडली नव्हती त्याला. तो आला तेव्हा ती जिवंत होती. तारेला विळा लागलेला, विळ्यावर मूठ आवळलेली, नि डोळे याच्याकडं. खोपी तिथंच होती. बांबू तिथंच होता. एक आकडा खाली पाडायचा, एवढंच काम! पण याच्या मनात आलं, जगली तर बोलेल. केस होईल. आणि तो उभा राहिला. हूं थांबेपर्यंत उभा राहिला. मग बांबू आणला, नि विळा मुठीतनं उपसून ओढ्यात टाकला.

म्हणून त्याला कळलं, की ही खरी आहे. ही मालन आहे!

"मालनऽऽ!" म्हणून खोपीकडं धावला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. खोपीच्या दारात ठकूबाई बसलेली. उंबऱ्यावर. मांडीवर मिटलेली मूठ. आता पदर नव्हता तोंडावर.

"सरक," हा म्हणाला. "ठके, सरक! तिनं तुझं काय केलंय? मला धर. तिला सोड!"

"तिला मी धरलं न्हाई," ठकूबाई म्हणाली. "तारंनं धरलंय. तार तुझी."

"पाया पडतो तुझ्या!"

"वाईच थांब की. तवा थांबला व्हतास तसा."

मागं हूंऽऽऽ चाललेलं. बारीक होत चाललेलं.

"काय पायजे तुला? बोल, काय पायजे!"

"सांग," ती म्हणाली. "मला साप चावला व्हय?"

"न्हाई."

"मोठ्यानं. गावाला आयकू जाऊ दे."

आणि हिंदुराव ओरडला. गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला, "साप न्हवता! तार व्हती! माझी तार! ठकू जित्ती व्हती, नि मी उभा व्हतो! मी बघत उभा व्हतो!"

आजूबाजूच्या माळ्यांवर राखणीला माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. डबे बडवायचे थांबले. सगळं रान चिडीचूप झालं.

उंबरा मोकळा झाला.

त्यानं बांबू ओढला. तोवर शेजारच्या माळ्यावरचा म्हादू उडी टाकून धावत आला होता, नि मालनला धरायला हात पुढं केला होता. हिंदुराव किंचाळला, "हात लावू नगंस! तू बी चिकटशील! मागं हो!" म्हादू जागच्या जागी थिजला. त्यानं हात लावला असता तर त्या रात्री दोन तिरड्या बांधाव्या लागल्या असत्या. अडकलेल्याला धरून ओढायचं नसतं, आधी लाइट तोडायची. माया असली तरी, पोटचं पोर असलं तरी!

हिंदुराव बूट असलेल्या एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय वर उचललेला. बांबू लटपटतोय, आकडा सापडत नाही. एकदा हुकला. पुन्हा हुकला. मग सापडला, नि खसकन खाली आला. चर्र करून निळी ठिणगी पडली. फेरी तुटली.

मालन धाडकन मातीत पडली.

श्वास नव्हता. म्हादूनं छाती दाबली, दाबत राहिला, दाबत राहिला. कुणी जीप आणायला पळालं. बऱ्याच वेळानं तिच्या नाकातनं वारा आला. वाचली. उजव्या हाताची बोटं मात्र गेली, डॉक्टरांनी काढून टाकली.

दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिनं सांगितलं. हा घरातनं गेल्यावर दारात बाई आली होती. अंधारात तोंड दिसलं नाही. म्हणाली, "वयनी, मालक बोलवत्यात मकंत. चला, म्या नेते." बांधावर आणलं, नि म्हणाली, "बांध निसरडा हाय. हितं धरा. घट्ट धरा." अंधारात काय ते दिसलं नाही, मालननं धरलं. काहीच झालं नाही. तेव्हा लाइट गेलेली होती ना! बाई म्हणाली, "आसंच धरून ऱ्हावा हं." आणि मग लाइट आली.

हिंदुराव खाटेपाशी बसला होता. मालन त्याच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "तुम्ही बांधावर आलेलं मला दिसलं. मला बोलता येत न्हवतं, पर दिसत व्हतं. तुम्ही हसला." मग म्हणाली, "किती येळ उभं व्हता?"



ती बरी झाली नि माहेरी गेली. आली नाही पुन्हा. पोलिसांनी हिंदुरावाला नेलं, कोर्टात त्यानं सगळं कबूल केलं. कमळा आली होती त्या दिवशी. कोर्टाच्या पायरीवर त्याच्या समोर उभी राहिली. त्यानं हात जोडले. ती थुंकली नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "आईची मूठ उघडून जाळायची व्हती मला." आणि एसटी धरून गेली.

तुम्हाला वाटत असेल, बदला झाला, ठकूबाई गेली. नाही बाबांनो. कुठनं जाईल? मूठ मिटलेली आहे अजून. ओढ्याकाठचं ते वावर पडीक आहे, त्यात आता खांबही नाही, तारही नाही. तरी पाणंदीत जनावर पाय टाकत नाही. दोऱ्या तोडतं, पण टाकत नाही. लांब पडलं तरी आपण वरच्या रस्त्यानं जातो ते उगाच नाही. दिवस मावळल्यावर खालच्या पाणंदीत जायचं नाही म्हणजे नाही. कितीही घाई असू दे.

आता लाकूड घालू नका. विझू दे शेकोटी. एक सांगतो नि उठतो.

परवा मी शेळ्या घेऊन वरच्या अंगाला गेलो होतो. एका वावराच्या कडेला नव्या खुंट्या मारलेल्या बघितल्या. गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली. वावर कुणाचं, मला ठाऊक आहे. तो आत्ता इथंच बसलाय, माझं ऐकतोय. नाव घेत नाही मी. मान खाली घालू नकोस, बाकीच्यांना कळेल.

उजाडल्यावर जा. चार माणसं घेऊन जा, लाइनमनला बोलवून आधी डीपीतनं लाइट बंद करून घे, नि त्या खुंट्या उपटून टाक. आज रात्री मात्र रानात जाऊ नकोस. सरळ घरी जा. जाऊन आधी बघ, दारात कुणी बाई येऊन गेली का.

ठकूबाई माणसाला नाही गाठत आधी. त्याच्या घरी जाते.